साडेसहाशे वॅट

लॅमिंग्टन रोडला मी पूर्वीही यायचो.
कपॅसिटर, सोल्डरची तार,
एकदा रेडिओच्या एका नॉबसाठी दोन तास.
आज शलाकाच्या मागे मागे चाललोय.
यादी तिच्या हातात,
वहीचं पान, चार घड्यांचं,
वाण्याला देतो तसंच,
फक्त तूरडाळीच्या जागी आकडे.

हितेनभाईंच्या दुकानात उभं राहायला जागा
आमच्या मोरीएवढी.
ती म्हणाली, आधी प्रोसेसर ठरवू,
मग त्याला चालेल असा बोर्ड.
सॉकेट जुळायला हवं, बाबा.
मी मान हलवली.
तिच्यासाठी आलेल्या दोन पत्रिका
टीव्हीखालच्या खणात पडून आहेत.
तो विषय मी काढला नाही.

मग ग्राफिक्स कार्ड.
तीन पंखे त्याला.
आमच्या अख्ख्या घरात दोन.
किंमत ऐकून मी रुमाल काढला
आणि उगाच चष्मा पुसला.
अठ्ठ्याहत्तर हजार आणलेत तिने,
दीड वर्षाची रात्रपाळी,
कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांच्या
विम्याच्या तक्रारी ऐकून साठवलेले.
ती ओठ हलवत हिशेब करत होती.
लहानपणी सतराचा पाढा म्हणताना
असेच हलायचे, आणि सतरा सक्कंला अडायचे.

अडलीच.
तीन हजार कमी.

हितेनभाई म्हणाले, बेन, सप्लाय साधा घ्या ना,
डब्याच्या आत कोण बघतंय?
इर्शादने फळीवरून एक खोका काढून ठेवला.
तोवर मी काही बोललो नव्हतो.
मी तो खोका उचलला.
हलका होता.

एकतीस वर्षं वायरमन आहे मी.
जिथे वजन असायला हवं तिथे नसलं
की हाताला कळतं, डोक्याला नंतर.
विक्रोळीच्या एका कारखान्यात असाच हलका माल
मालकाने स्वस्तात आणला होता.
दत्ताराम घाग पॅनलसमोर उभा होता.
वाचला,
पण त्याच्या भुवया परत आल्या नाहीत.

हा नको, मी म्हणालो.
साडेसहाशे वॅट द्या, पण खरे.
छापलेले नकोत.

हितेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मग आतून दुसरा आणला, दोन्ही हातांनी धरून.
शलाकानेही पाहिलं,
त्या दिवशी पहिल्यांदाच, यादीतून मान वर करून.
मग पेन घेतलं आणि
रंगीत दिव्यांचे पंखे खोडले,
काचेचं कॅबिनेट खोडलं.
नुसता काळा डबा द्या, म्हणाली.
तिला ते दिवे हवे होते. मला माहीत आहे.
फोनवर दाखवले होते तिने, गणपतीत.

रात्री भांडुपला, जमिनीवर जुना पेपर अंथरून
ती मांडी घालून बसली.
रॅमला हात लावण्याआधी दर वेळी
खिडकीच्या गजाला बोट टेकवायची,
अंगातली वीज सोडून द्यायला.
हे तिला मी शिकवलेलं नाही.
प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट लावताना
तिची आई म्हणाली, हा कसला गं वाटाणा, हा तर हरभरा.
शलाकाने थोडी पुसून काढली.

बटण दाबलं.
काही नाही.
कुणीच काही बोललं नाही.
मी उठून मेन स्विच बघून आलो,
तो चालूच होता, ट्यूबलाइटही चालूच होती,
पण माणूस करणार काय?
तिने पुन्हा गजाला बोट लावलं,
रॅमची पट्टी अंगठ्याने दाबली.
टक्.
हा आवाज मला ओळखीचा आहे,
किटकॅट फ्यूज जागेवर बसतो तेव्हाचा.

पंखे फिरले. पडदा उजळला.
पहाटे दोनला ती कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर
तलवार घेऊन एकटीच चढत होती,
कानांवर हेडफोन,
आणि हसत होती, रात्रपाळीत हसत नसेल तशी.

मी डोंगर बघितला नाही.
डब्याच्या मागे बसलो,
सप्लायच्या जाळीवर तळहात ठेवून.
कोमट.
कोमट चालतं.
जाऊन आडवा झालो.